शून्य गुणांचं दही



न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या एका वर्गणीदार मैत्रिणीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई. रक्तातली साखर काठावर आहे म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा तिने तिथल्या गुणपद्धतीच्या योजनेत नाव घातलं. दिवसभरात किती गुणांचं खायचं ते ठरलेलं, प्रत्येक पदार्थाचे गुण ठरलेले. तोंडात घातलेला घासन् घास मोबाइलवर नोंदवायचा आणि रात्रीपर्यंत हद्दीत राहायचं. तिला दूध सोसत नाही, मुलगी प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही. त्यामुळे घरात दही येतं ते नारळाचं किंवा बदामाचं, आणि सवड असेल तेव्हा ती शेंगदाण्याच्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ घालून घरीच दही लावते. तिचा प्रश्न साधा होता. गायीच्या दुधाचं, स्निग्धांश काढलेलं, बिनसाखरेचं दही शून्य गुणांचं, मोजायचंच नाही. माझ्या नारळाच्या दह्याच्या वाटीला मात्र गुण पडतात, आणि घरच्या दह्याचं तर यादीत नावच नाही. मग ते मी मोजायचं कसं?

पत्र आरोग्याच्या सदराकडे पाठवून मोकळं होता आलं असतं. पण मंडळाच्या बैठकीत ते वाचलं आणि दोन तास चर्चा झाली. एका वाटीभर दह्याला गुण द्यायचे की नाही, हे कोण ठरवतं? कशाच्या आधारावर? आणि जे मोजलं जात नाही त्याचं काय होतं? बाईच्या श्रमाबद्दल आपण वर्षानुवर्षं हेच प्रश्न विचारत आलो आहोत. म्हणून हे संपादकीय दह्यावर.

'गुण' हा शब्द आपल्याला नवा नाही. मुलगी गुणाची असावी लागते, शाळेत तिला गुण मिळवावे लागतात, पत्रिकेत छत्तीसपैकी किती जुळले ते बघितलं जातं. मोजणारा नेहमी दुसराच असतो आणि मोजली जाते ती बाई. गुणपद्धतीच्या आहारात मोजणारी आणि मोजली जाणारी एकच. एवढ्याने ती मुक्त झाली असं मात्र नाही. तागडी तिच्या हातात दिली, वजनं दुसऱ्याने पाडली.

ही पद्धत आली कुठून ते आधी पाहू. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची गृहिणी राहत होती. १९६१ साली तिचं वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होतं. बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने तिला दिवस गेले आहेत असं समजून विचारपूस केली, आणि तो प्रसंग तिला लागला. शहराच्या आरोग्य खात्याच्या स्थूलता दवाखान्यात तिला खाण्याचं पथ्य मिळालं, पण एकटीने ते निभेना. मग तिने आपल्यासारख्याच मैत्रिणींना घरी बोलावलं. बायका आपण चोरून काय खातो, केव्हा खातो, का खातो ते एकमेकींना सांगू लागल्या. हसल्या, रडल्या, पुढच्या आठवड्यात परत आल्या आणि येताना आणखी दोघींना घेऊन आल्या. १९६३ च्या मे महिन्यात या बैठकींची कंपनी झाली. 'वेट वॉचर्स' हे तिचं नाव.

१९६३ हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेटी फ्रीडनचं 'द फेमिनिन मिस्टीक' अमेरिकेत प्रसिद्ध झालं. उपनगरातल्या सुखवस्तू घरांत बसलेल्या, शिकलेल्या आणि घुसमटलेल्या बायकांच्या नाव नसलेल्या दुखण्याला तिने वाचा फोडली. निडेचच्या दिवाणखान्यात जमलेल्या बायका फार वेगळ्या नव्हत्या. घर, मुलं, स्वयंपाक आणि दिवसभराचं एकटेपण त्यांच्याही वाट्याला होतं. एकीकडे त्या दुखण्याचं कारण समाजरचनेत शोधलं गेलं, दुसरीकडे ते कंबरेच्या घेरात शोधलं गेलं. दोन्हीकडे बायका गोल करून बसल्या आणि बोलल्या. पहिल्या गोलातून चळवळ उभी राहिली. दुसऱ्यातून उभा राहिला एक उद्योग, जो १९७८ साली सॉस आणि डबाबंद पदार्थ विकणाऱ्या हाइन्झ कंपनीने विकत घेतला. जी कंपनी खायला घालते तीच खाणं आवरायला शिकवते, हा विनोद आम्ही रचलेला नाही.

तरीही त्या गोलाला आपण तुच्छ लेखू नये. चार बायका एकत्र बसल्या, लाज बाजूला ठेवून आपल्या शरीराबद्दल बोलल्या, तर त्यांना बळ येतं, हे आपल्या प्रत्येक गटाला ठाऊक आहे. २००३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ४२३ जणांपैकी काहींना या योजनेत घातलं, बाकीच्यांना स्वतःच प्रयत्न करायला सांगितलं. दोन वर्षांनी योजनेतल्यांचं वजन सरासरी २.९ किलोने कमी होतं, दुसऱ्या गटाचं जेमतेम ०.२ किलोने. म्हणजे फरक पडतो. पण तो केवढा? दोन वर्षं वर्गणी भरून, रोज हिशेब ठेवून तीन किलोच्या आत. जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांशी हा आकडा जुळत नाही. जाहिरात अपवाद दाखवते, आणि मग सरासरी बाई स्वतःला नापास समजते.

आता दह्याकडे वळू. अमेरिकेत गुणांची पद्धत आली ती १९९७ साली. तेव्हाचं सूत्र सोपं होतं. पदार्थातल्या दर ५० कॅलरींना एक गुण, दर १२ ग्रॅम चरबीला आणखी एक, आणि तंतूंसाठी थोडी सूट. एका बाईची दिवसाची हद्द विशीच्या आसपास असायची. या हिशेबात शंभर ग्रॅम साध्या दह्याला एखाद-दीड गुण पडत असे. २०१० साली सूत्र बदललं. कॅलरींऐवजी प्रथिनं, कर्बोदकं, चरबी आणि तंतू धरले गेले आणि फळं शून्यावर आली. २०१५ च्या अखेरीस पुन्हा बदल झाला. साखर आणि संपृक्त चरबी यांनी गुण वाढू लागले, प्रथिनांनी कमी होऊ लागले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोनशेहून अधिक पदार्थांची शून्य गुणांची यादी आली. त्यात अंडी, कोंबडीचं बिनचरबीचं मांस, डाळी-कडधान्यं आणि स्निग्धांश काढलेलं साधं दही होतं. बिनसाखरेचं सोयाबीनचं दहीही होतं. नारळाचं आणि बदामाचं नव्हतं. २०१९ साली हिरवी, निळी आणि जांभळी अशा तीन योजना झाल्या. निळ्या-जांभळ्या योजनेत दही शून्य, हिरव्या योजनेत त्याच दह्याला गुण. २०२१ साली प्रत्येकीची यादी तिच्या उत्तरांवरून वेगळी निघू लागली, त्यामुळे एकाच घरातल्या सासूचं दही फुकट आणि सुनेचं दही मोजायचं, असंही होऊ शकत होतं. वर्षभरात तेही गुंडाळलं आणि सगळ्यांसाठी पुन्हा एक यादी आली.

दही तेच, विरजण तेच. पंचवीस वर्षांत त्याचे गुण मात्र इतक्यांदा बदलले. पोषणशास्त्र पुढे जातं तसे काही बदल व्हायचेच, ते आपण समजू शकतो. साखरेवर लक्ष देणं आणि कडधान्यांना मोकळीक देणं ही चांगलीच गोष्ट झाली. पण नवी योजना आली की जुने सभासद परत येतात, हेही कंपनीला चांगलं कळतं. मुख्य मुद्दा असा की 'शून्य' हा दह्याचा अंगचा गुणधर्म नाही. त्या दह्यात कॅलरी असतातच. हा पदार्थ लोकांनी भरपूर खावा आणि तो खाऊन सहसा अति होत नाही, असं ठरवून कोणीतरी त्याला दिलेली ती सवलत आहे. सवलत म्हटली की ती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे विचारलंच पाहिजे.

जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. उत्तर युरोपातल्या लोकांमध्ये हे प्रमाण कमी आहे. आशियाई, आफ्रिकी आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजांत ते जास्त आहे. विरजल्यावर दुधातली साखर थोडी कमी होते, म्हणून अनेकींना दूध सोसलं नाही तरी दही चालतं, पण सगळ्यांना नाही. ज्या बाईला दुधाचं दही चालतं तिच्या ताटात एक मोकळा पदार्थ जास्त आला. जिला चालत नाही, किंवा जी प्राण्यांच्या कळवळ्याने ते सोडते, तिने त्याच वाटीसाठी गुण मोजावेत. हे कोणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण 'सर्वसाधारण' माणूस कोण हे आधीच गृहीत धरलं की बाकीच्यांना दंड बसतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

म्हणून वनस्पतीजन्य दही म्हणजे निरोगी, असंही कोणी समजू नये. बाजार इथेही टपलेला आहे. नारळाच्या दह्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते. त्याला गुण जास्त पडतात ते उगीच नाही. बदामाच्या दह्याच्या डब्यात पुष्कळदा पाणी जास्त आणि बदाम थोडे असतात. दाटपणा येतो तो पेक्टिनने किंवा टॅपिओकाच्या स्टार्चने. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तेच. वर व्हॅनिला किंवा आंब्याचा स्वाद आणि साखर. सोयाबीनचं दही मात्र प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या दह्याच्या जवळपास जातं. अमेरिकी सरकारच्या २०२० ते २०२५ या काळासाठीच्या आहार मार्गदर्शिकेने दुग्धजन्य पदार्थांच्या गटात वनस्पतीजन्य पदार्थांपैकी फक्त कॅल्शियम व जीवनसत्त्वं घातलेल्या सोयाच्या दुधाला आणि दह्याला जागा दिली होती. बदाम, नारळ, ओट यांना दिली नव्हती. युरोपीय न्यायालयाने तर २०१७ साली निकाल दिला की वनस्पतीपासून केलेल्या पदार्थाला दूध, लोणी, चीज, दही ही नावं लावून विकता येणार नाही. त्यामागे दुग्धव्यवसायाचे हितसंबंध आहेत, हे उघड आहे. तरीही नाव 'दही' आणि आत स्टार्चची खीर, अशी फसगत ग्राहक बाईची होऊ नये, हा मुद्दा खराच आहे.

मग आमच्या मैत्रिणीने काय करावं? तिला आम्ही कळवलं ते इथेही सांगतो. दुकानातल्या डब्याचे गुण यादीत मिळतात, पण गुण बघण्याआधी डबा उलटा करून मागचा तक्ता वाच. शंभर ग्रॅममागे प्रथिनं तीन-चार ग्रॅमच्या आसपास आहेत का? वरून घातलेली साखर किती? मोठ्या कंपन्यांना २०२० पासून अमेरिकेत ती वेगळी छापावी लागते. संपृक्त चरबी किती? कॅल्शियम घातलं आहे का? गाई-म्हशीच्या शंभर ग्रॅम दह्यात साधारण १२० मिलिग्रॅम किंवा त्याहून थोडं अधिक कॅल्शियम असतं. वनस्पतीजन्य दह्यात ते वरून घातलं नसेल तर फारसं नसतंच. बी-१२ जीवनसत्त्वाचंही तसंच. पन्नाशीनंतर पाळी थांबल्यावर बाईची हाडं झपाट्याने झिजतात. तिच्यासाठी हे आकडे त्या वाटीच्या गुणांपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. आणि गुणांच्या यादीत कॅल्शियमचा रकानाच नाही.

राहिलं घरचं दही. तिच्या मोबाइलवर पाककृती घालायची सोय आहे. घटक लिहायचे, किती वाट्या झाल्या ते लिहायचं, यंत्र भागाकार करतं. पण शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळल्यावर चोथा बाजूला निघतो, तो यंत्राला दिसत नाही. ते सगळे शेंगदाणे दह्यात धरतं. १९९७ च्या जुन्या सूत्राने शंभर ग्रॅम शेंगदाण्यांचे सुमारे पंधरा गुण होतात, म्हणजे जवळजवळ दिवसाची हद्द संपली. म्हणून आम्ही तिला सांगितलं, चोथा चटणीत किंवा थालीपिठात घालतेस ना, मग हिशेबात त्याचा वाटा वेगळा काढ, दह्याचा वेगळा. अचूक येणार नाही. न येवो. शेंगदाण्याचं दही तसंही स्निग्धच. वाटी लहान घे, चवीने खा.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यातल्या डब्याला पट्टी-संकेत असतो, तो मोबाइलसमोर धरला की क्षणात गुण येतात. घरात लावलेल्या दह्याला तो नाही. म्हणजे मोजणं सोपं जावं म्हणून बाई हळूहळू घरचं सोडून डब्याकडे वळते. बाईने घरात केलेलं काम राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जात नाही, हे आपण ओरडून सांगत आलो. इथे तिच्या हातचं अन्नसुद्धा हिशेबात बसत नाही म्हणून मागे पडतं. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं ठरतं.

आणखी पुष्कळ गोष्टी या यादीत बसत नाहीत. ताट किती वाजता समोर आलं, ते गरम होतं का, बसून खाल्लं की ओट्याशी उभ्याने, मुलांच्या ताटातलं उरलेलं किती तोंडात घातलं, नवरा दोन वेळचं वेगळं मागतो म्हणून दोनदा फोडणीला उभं राहावं लागलं का, झोप किती झाली, राग कुठे गिळला. सुझी ऑरबाखने १९७८ साली लंडनहून 'फॅट इज अ फेमिनिस्ट इश्यू' लिहिलं तेव्हा याच गोष्टींकडे बोट दाखवलं होतं. बाई खाते किंवा खायचं सोडते त्यामागे तिचं जगणं असतं. पथ्याच्या कागदावर त्या जगण्याला जागा नसते. शिवाय काही जणींना मोजणीचाच आजार जडतो. घास दिसण्याआधी आकडा दिसतो, आकडा हुकला की दोन दिवस उपास, मग अधाशासारखं खाणं, मग स्वतःची घृणा. जिच्या बाबतीत असं पूर्वी झालेलं आहे तिने गुणांच्या वाटेला जाऊच नये. तिला मानसतज्ज्ञाची मदत मिळवून द्यावी.

या उद्योगाचा अलीकडचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९९९ साली हाइन्झकडून ही कंपनी आर्टाल नावाच्या युरोपीय गुंतवणूकदार संस्थेकडे गेली. २०१५ साली ओप्रा विन्फ्रीने तिचे दहा टक्के समभाग घेतले. २०१८ साली कंपनीने आपलं नाव दोन अक्षरांवर आणलं, वजनाऐवजी 'स्वास्थ्य' हा शब्द पुढे केला, आणि पुढच्याच वर्षी आठ ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी खाण्याची नोंद ठेवणारी सोय काढली. आईवडिलांच्या रीतसर संमतीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून पंधरा लाख डॉलरचा दंड भरावा लागला. आठ वर्षांची मुलगी आपल्या पोळीचा हिशेब कंपनीला देते, यावर वेगळं भाष्य करायला नको. २०२३ साली याच कंपनीने भूक कमी करणारी इंजेक्शनं डॉक्टरांमार्फत लिहून देणारी एक कंपनी विकत घेतली. विन्फ्रीनेही आपण असं औषध घेत असल्याचं त्याच वर्षी सांगितलं आणि २०२४ साली ती संचालक मंडळातून बाहेर पडली. २०२५ च्या मे महिन्यात, शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्जाच्या बोजाखाली, कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला आणि जूनमध्ये कर्जाची फेररचना करून ती बाहेर आली.

साठ वर्षं बायकांना सांगितलं गेलं की तुझं मन घट्ट नाही, तुझा हिशेब चुकतो. आता तोच उद्योग म्हणतो की भूक ही शरीरातल्या संप्रेरकांची गोष्ट आहे, तिच्यावर औषध आहे. औषधाला आमचा विरोध नाही. मधुमेहाच्या, अतिस्थूलतेच्या त्रासात ते कोणाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागेल, उपयोगीही पडेल. पण इतकी वर्षं ज्यांनी स्वतःला दोष दिला, त्यांच्या त्या दोषाचा परतावा कोण देणार?

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. परदेशात गेलेल्या आपल्या मुली-बहिणींमुळे ते दूरचं राहिलेलं नाही, आणि मोबाइलवरून घास मोजणं आपल्या शहरांतही आलं आहे. प्राणिजन्य घटक नसलेल्या अन्नासाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम २०२२ साली आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. त्याच वयाच्या १८.७ टक्के बायका प्रमाणापेक्षा हडकुळ्या होत्या, आणि ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, एक जाड आणि एक कृश बाई असते आणि दोघींच्याही अंगात रक्त नसतं. जाड दिसणारी बाई भरपूर पोषण मिळालेली असतेच असं नाही. स्वस्त तेल, साखरेचा चहा, बिस्किटं, वडापाव आणि भात यावर दिवस काढणारी कष्टकरी बाईही जाड होते. तिला 'कमी खा' म्हणून पाठवणारा दवाखाना तिच्या पगाराबद्दल विचारत नाही. तिचा प्रश्न गुणांच्या यादीने सुटणार नाही. तिला डाळ, अंडं, भाजी, फळ परवडलं पाहिजे आणि ते बसून खायला वेळ मिळाला पाहिजे.

मग आपल्या गटांनी करायचं काय? पहिली गोष्ट, ज्या मैत्रिणी अशा योजना पाळतात त्यांना हसू नये. 'तू स्त्रीमुक्तीवाली आणि वजन मोजतेस?' हा टोमणाही एक पट्टीच आहे. गुडघे दुखतात, साखर वाढली आहे, तिला बरं वाटायला हवं आहे. तिचा निर्णय तिचा. आपण तिच्यासोबत बसून तीनच प्रश्न विचारावेत. हे नियम कोणी ठरवले? यात काय मोजलं जात नाही? आणि हे तुला वर्षानुवर्षं, घरच्या जेवणासह, निभेल का?

दुसरी गोष्ट, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले दोन रिकामे डबे किंवा पुडे आणावेत. दह्याचा, बिस्किटांचा, मुलांच्या शक्तिवर्धक पुडीचा, काहीही. ज्यांना वाचता येतं त्यांनी मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचावा. साखर कोणकोणत्या नावांनी लपते ते फळ्यावर लिहावं. शंभर ग्रॅमचे आकडे आणि 'एका वाढणी'चे आकडे यातला फरक समजून घ्यावा. ही गंमत नाही, साक्षरता आहे. पुड्याच्या दर्शनी भागावर काय छापावं याबद्दल २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चांदण्या देण्याचा मसुदा काढला होता, तेव्हा आरोग्य संघटनांनी चांदण्यांऐवजी साखर, मीठ, चरबी जास्त असल्याचा सरळ इशारा छापा अशी मागणी केली. आपल्या गटांनी या मागणीच्या बाजूने उभं राहावं. चांदणी म्हणजे पुन्हा गुणच, आणि ती साखरेच्या डब्यालाही एखादी मिळून जाते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. आरोग्य शिबिरात सगळ्यांसमोर वजन मोठ्याने सांगणं थांबवू या. काटा पडद्याआड ठेवू या, आणि काट्याआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर तपासू या. 'किती सुटलीस गं', 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे आपण सहज बोलतो. बैठकीला येताना हे वाक्य दारात चपलांसोबत ठेवता येईल का, ते बघू या.

शेवटी एवढंच. क्वीन्समधल्या त्या दिवाणखान्यात बायका जमल्या होत्या त्या एकमेकींचं ऐकायला. आकडे आणि सूत्रं नंतर आली, वर्गणी त्याच्यासोबत आली, आणि ऐकणं हळूहळू यंत्राकडे गेलं. आपल्याला परत मिळवायचं आहे ते ऐकणं. वनस्पतीचं दही घ्यावं की दुधाचं, गुण मोजावेत की मोजू नयेत, याची उत्तरं प्रत्येकीची वेगळी असतील. ती तिने स्वतः, पुरेशा माहितीनिशी आणि पोटभर जेवून ठरवावीत. तुमच्या गटात याबद्दल काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

— संपादक मंडळाच्या वतीने